बांधावरून पाहिलेली पार्वतीबाई

मी बन्सीधर पेंटर. परभणीत स्टेशनजवळ माझं दुकान. पोट भरतं पाट्या रंगवून, पण जीव रमतो चेहऱ्यांत. दर रविवारी आरसा पुढ्यात घेऊन मी स्वतःचंच चित्र काढायचो. दहा वर्षं त्यात मी राजबिंडा दिसत होतो! मग एकदा एका गिऱ्हाइकानं भर बाजारात माझी अक्कल काढली. घरी आलो तो चिडूनच, अन् आरशातल्या त्या येड्याला रागारागानं रंगवलं. बसकं नाक, देवीचे वण, एक भुवई वर चढलेली. बायको म्हणाली, "आता कुठं तुमी दिसायलाव."

पंच्याऐंशी साली पिंगळीचे माणिकराव दुकानात आले. आई जाऊन वर्ष व्हायला आलं होतं.

"वर्षश्राद्धाला मायची तसबीर पायजे, पेंटर."

"फोटो द्या."

"फोटोच न्हाई. फोटोनं आयुष्य कमी व्हतं म्हणायची."

दोन पेंटरांनी आधीच हात टेकले होते. मला चेव आला. म्हणालो, "मी काढतो. तुम्हाला आई दिसली नाही, तर पुन्हा माणसाच्या चेहऱ्याला ब्रश लावणार नाही." जिभेला हाड नसतं, ते असं.

पिंगळीला गेलो. लेक, सून, नातवंडं, सगळ्यांचं एकच: पार्वतीबाई लय मायाळू, देवमाणूस. हनुवटीवर गोंदण होतं, नाक सरळ होतं. मी काढलं की कॅलेंडरवरची देवी तयार! तीन कागद झाले. माणिकराव भले गृहस्थ, तिन्ही वेळा हळूच म्हणाले, "चांगली हाय. पर माय न्हाई."

आठ दिवस उरले. मला अन्नाची चव लागेना. रविवारी सवयीनं आरशापुढं बसलो आणि डोक्यात उजेड पडला. लाडानं पाहून मला माझाच चेहरा दहा वर्षं सापडला नव्हता, मग ह्या लेकरांना आईचा कसा सापडावा? तडक पिंगळी गाठली.

"तुमच्या आईचं भांडण कुणाशी होतं?"

माणिकराव भडकले. "माझ्या मायला दुश्मन न्हवता!"

सून खाली बघत म्हणाली, "कडूआत्या हायत की."

कडूबाई म्हणजे शेताची शेजारीण. बांधावरून वाद झाला आणि सोळा वर्षं दोघींत शिव्यांखेरीज शब्द नाही. मी गेलो तेव्हा म्हातारी गोफण घेऊन ज्वारीवरची पाखरं हाकत होती. माझं काम ऐकून थुंकली, मग बांधावर बसली.

"तिला वळखत न्हाई व्हय मी? रोज बघितलीया. भांडायच्या आधी डावा डोळा बारीक करायची. खालचा ओठ आत घ्यायची. मान अशी, जरा तिरपी."

मी पेन्सिल चालवली.

"न्हाई. आजून मुजोर."

पुन्हा खोडलं.

"आजून! तू काय तिला भ्यायलास का?"

दिवस कलला तेव्हा म्हातारीनं कागदाकडं बघून एकदम कमरेला पदर खोचला. मला तेवढं पुरे होतं.

वर्षश्राद्धाला ओसरीवर अर्धं गाव जमलं. मी तसबिरीवरचं कापड ओढलं. माणिकराव "माय गं!" म्हणत मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. सुनेनं नकळत डोक्यावरचा पदर सावरला. सगळे वाहवा करू लागले अन् माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं तुटावीत.

तेवढ्यात गर्दीत गलका झाला. कडूबाई, बिनबोलावता! सरळ तसबिरीपुढं येऊन कमरेवर हात ठेवून उभी.

"काय बघायलीस गं टवळे? बांध तूच कोरलास!"

गावानं वाहवा केली ती केली, पण माझ्या चित्राशी भांडायला माणूस उभं राहिलं! यापेक्षा मोठं बक्षीस कुठल्या पेंटरला मिळालं असेल?

कडूबाई उत्तराची वाट बघत उभीच राहिली. मग तिचा कमरेवरचा हात खाली आला. माणिकराव डोळे पुसत उठले. "आत्या, जेवून जा."

म्हातारीनं तिथंच फतकल मारली.

"हितंच वाढ. हिच्या म्होरं. हिच्या घरचं जेवायलेय मी, बघू दे तिला."