बाबा वर आहेत

मिरी जिना चढून वर गेली की तिच्या आईचा पारा तिच्याही वर चढायचा.

खरं तर वर होतं काय? त्यांच्या मजल्याच्या वर आणखी एकच मजला, तिथे एकच दार, आणि त्या दाराआड वरच्या वहिनी. त्या दिवसभर पडदे शिवायच्या. त्या किती वेळा खाली येऊन सांगून गेल्या, "अहो मिरीची आई, तुमची लेक माझ्या दाराला गाल लावून बसते. मी कचरा टाकायला दार उघडते तर ही पायात! एखाद्या दिवशी आम्ही दोघी गडगडत तुमच्याच दारात येऊन पडू." एकदा तर मिरी त्यांच्या हाताखालून आत घुसली. तिने कपाट उघडलं, टांगलेले पडदे एकेक करून बाजूला सारले, न्हाणीघरात डोकावली आणि पलंगाखाली वाकून बघितलं. वहिनींना वाटलं, पोरीला चोरीची सवय लागली. आई धावत वर गेली, मिरीला बखोटीला धरून खाली आणलं आणि पाठीत दोन धपाटे घातले. दुसऱ्याच दिवशी तिने आपल्या दाराला पार उंचावर, मिरीचा हात पोचणार नाही अशी कडी बसवून घेतली.

मिरीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिचं खरं नाव वेगळंच होतं. पण पायावर उभी राहिल्यापासून ती घरादाराच्या डोक्यावर मिरे वाटायची, म्हणून तिचे बाबा तिला मिरी म्हणायला लागले आणि तेच नाव चिकटलं. बाबा घरीच मशीनवर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचे. मिरी त्यांच्या पायाशी मशीनला पाठ टेकून बसायची आणि मशीन थरथरलं की खिदळायची. बापलेकींचं काय ते डोळ्यांनी आणि भुवयांनी चालायचं, त्यात तिसऱ्याला शिरकाव नसायचा. मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बाबा कापड आणायला म्हणून गेले, रस्त्यात छातीत कळ आली आणि पडले ते पडलेच. मिरीला त्या दिवसांत तिच्या मावशीकडे पाठवलं होतं. एवढीशी पोर, तिला कशाला दाखवायचं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. ती परत आली तेव्हा सगळं उरकलं होतं.

तेव्हापासून पोर बिथरली. आईने जवळ घेतलं की कोपर मारायची. आई समोर आली की मान फिरवायची. तासन्‌तास भिंतीला तळवा लावून बसायची, आणि तिथून उठवलं तर चावायची. आई दिवसभर दवाखान्याच्या लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीपुढे उभी राहून चादरींच्या घड्या घालायची आणि संध्याकाळी घरी येऊन ही लढाई लढायची. बापाचं दुःख आहे, निवळेल, असं ती मनाला समजवायची. ते काही निवळेना. शेवटी शाळेने हात टेकले. "मुलगी मारकुटी आहे," शाळेतल्या बाई म्हणाल्या. "आमच्याच्याने होत नाही. तुम्ही केंद्रात जा."

केंद्र म्हणजे विभागीय साहाय्य केंद्र. आजूबाजूच्या सगळ्या शाळांना मिळून एकच. व्हरांड्यात दुरुस्तीला आलेल्या चाकांच्या खुर्च्या, आत कानाची यंत्रं तपासायची खोली, आणि बाकावर आपापल्या लेकरांना सांभाळत ताटकळलेल्या आया. तिथल्या बाईंनी विचारलं, "घरात खुणांची भाषा कोणाला येते?"

"आमच्या घरच्या खुणा आहेत की," आई म्हणाली. जेव, झोप, ये, नको, आंघोळ, शाळा, मार बसेल. एवढ्या करून दाखवल्या आणि तिचे हात थांबले.

"एवढ्याच?"

आईला ते झोंबलं. नऊ वर्षांची पोर वाढवली होती तिने, काय हवेवर?

पण नंबर लागला आणि आठवड्यातून दोनदा खुणांच्या बाई स्कूटरवरून घरी यायला लागल्या. त्यांची अट एकच होती, सगळ्यांनी शिकायचं. "एकट्या मुलीला शिकवून ती बोलणार कोणाशी? भिंतीशी?" म्हणून मिरीची आत्याही येऊन बसायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, तोंडाने फटकळ आणि बोटांनी आडमुठी. पहिल्याच आठवड्यात तिने 'मला भूक लागली' म्हणायला जाऊन 'मी म्हैस आहे' असं ठासून सांगितलं. मिरी हसून हसून लोळली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणी तरी हसलं होतं.

आणि मिरी काय शिकली म्हणता! दुष्काळातल्या जमिनीने पाणी प्यावं तशा तिने खुणा पिऊन टाकल्या. पंखा, साबण, काल, उद्या, खोटारडी. जिन्यात मुंग्या लागलेली पाल दिसली तर बाईंचा हात ओढून नेऊन विचारलं, आणि 'मेली' ही खूण मिळवली. आई मात्र मागे पडत होती. इस्त्रीने आखडलेली बोटं वळायची नाहीत, आणि मिरी तिच्या हातांकडे बघायचीच नाही. बाईंशी बोलायची, आत्याची टिंगल करायची, आईसमोर हात मांडीवर ठेवून बसायची.

त्या दिवशी बाई प्रश्न शिकवत होत्या. कोण, कुठे, का. टेबलावर घरातले फोटो मांडले होते. आत्या कुठे? इथे, खुर्चीवर. मावशी कुठे? लांब, गाडीने जायचं. बाबांचा फोटो बाईंनी मुद्दामच खाली दाबून ठेवला होता. मिरीने तो शोधून काढला, सगळ्यांच्या मधोमध ठेवला, आणि कोणी काही म्हणायच्या आत स्वतःच विचारून स्वतःच उत्तर दिलं.

बाबा. कुठे? तिचं बोट छताकडे गेलं. वर.

"बघ!" आत्याने डोळ्याला पदर लावला. "पोरीला सगळं कळलंय गं. आणि आपण उगाच जीव टांगणीला लावून बसलो."

आईला तर हुंदकाच फुटला. दोन वर्षं जे सांगायचं राहिलं होतं ते पोरीने आपलं आपणच ओळखलं होतं. तिला एवढं हलकं वाटलं की उठून चहाला आधण ठेवावं असं तिच्या मनात आलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "ती अजून बोलतेय."

मिरीचे हात भराभर चालले होते. बाईंनी तिला पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं.

"ती म्हणते, बाबा वर शिवतात."

"स्वप्नात दिसले असतील," आत्या म्हणाली.

"बाबा वर शिवतात. दार बंद असतं. बाबा खाली येत नाहीत." बाईंनी मिरीच्या हातांवरून नजर काढली नाही. "आणि आई मला जाऊ देत नाही. आई वाईट आहे."

वरच्या मजल्यावर मशीन खडखडत होतं. मिरी उठली, बाईंचा हात धरून त्यांना भिंतीपाशी घेऊन गेली आणि त्यांचा तळवा भिंतीवर दाबून धरला. भिंत बारीक थरथरत होती. मिरीने बाईंकडे अशा नजरेने पाहिलं की, बघा, आहेत ना?

आईला तो दिवस आठवला.

मावशीकडून परत आली त्या दिवशी मिरीने सगळं घर धुंडाळलं होतं. मग ती आईपुढे येऊन दोन्ही तळवे पसरून उभी राहिली होती, कुठे? आईजवळ त्याला शब्द नव्हता. आपण काय म्हणतो माणूस गेला की? वर गेला. आईने बोट वर केलं. नंतर भेटायला येणारा जो तो तेच करत होता. "वरच्याची मर्जी!" म्हणायचे आणि बोटं छताकडे. मिरी एकेकाचं बोट बघत होती. ध चा मा व्हायला निदान ध तरी लागतो. इथे नुसतं बोट होतं. आणि पुढच्याच आठवड्यात, बाबांचं मशीन डोळ्यांपुढे नको म्हणून आईने ते वरच्या वहिनींना देऊन टाकलं. दोन माणसांनी ते जिन्यावरून वर चढवलं तेव्हा मिरी दारातच उभी होती. इतके साक्षीदार, वर एवढा पुरावा! कुठल्या कोर्टाने वेगळा निकाल दिला असता?

दोन वर्षं तिचे बाबा तिच्या डोक्यावर बसून शिवत होते. दोन वर्षं ती त्यांच्या दाराला गाल लावून बसत होती. आणि दोन वर्षं तिची आई तिला तिथून फरफटत आणत होती, मारत होती, कडी घालत होती. आईला स्वतःची भीती वाटली. त्या पोरीने आपल्याला एवढंच चावलं, याचंच तिला आश्चर्य वाटलं.

"मी म्हणते, राहू दे तसंच," आत्या हळूच म्हणाली. तिच्या आवाजातला सगळा फटकळपणा पळून गेला होता. "मोठी झाली की कळेल आपोआप."

"आपोआप काय कळतं ते बघितलंत ना ताई?" आई म्हणाली. मग बाईंकडे वळली. "तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकते ती."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं."

"मला नाही जमायचं."

"मलाही नाही जमायचं हो," बाई म्हणाल्या. "इतकी घरं फिरले, पण असं कधी... खूण दाखवते. मिरीला येते ती. पालीच्या वेळची."

एक तळवा उताणा, एक पालथा, आणि दोन्ही एकदम उलटायचे. आईने ती करून बघितली. बोटं कडक होती.

तेवढ्यात मिरीने बाईंची बाही ओढली. तिला त्याच दिवशी मिळालेली नवी खूण वापरायची होती. का? बाबा खाली का येत नाहीत? मग तिने दोन बोटांची कात्री केली, कापड कापल्यासारखं केलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ती विचारते," बाई म्हणाल्या, "मी कात्री घेतली, कापड कापलं, म्हणून बाबा रागावलेत का?"

आईने पुढे काही ऐकलं नाही. ती उठली, हात उंच करून कडी काढली, दार सताड उघडलं आणि मिरीपुढे हात केला. मिरीने आधी दाराकडे पाहिलं, मग हाताकडे. तिचा विश्वास बसेना. हात न धरताच ती आईच्या बगलेतून सुटली आणि जिना चढून वर पळाली.

वरच्या वहिनींनी दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. "आली का पुन्हा!" पण मिरीमागून आई, तिच्यामागून धापा टाकणारी आत्या आणि खुणांच्या बाई, अशी वरात बघून त्या बाजूला झाल्या. मिरी पलंगाखाली वाकली. कपाट, न्हाणीघर, पडद्यांच्या मागे, सगळीकडे गेली. आज तिला कोणीही अडवलं नाही. शेवटी ती मशीनपाशी येऊन थांबली. स्टुलावर कोणी नव्हतं. अर्धवट शिवलेला पडदा सुईखाली लोंबत होता. ती वळली आणि दोन्ही तळवे पसरून आईपुढे उभी राहिली. कुठे?

आईचा हात उठला. सवयीने बोट वर निघालं होतं, ते तिने दुसऱ्या हाताने धरून खाली आणलं. मग तिने बाबांची खूण केली आणि दोन्ही तळवे उलटले.

मिरीला वाटलं आई चुकली. ती नेहमीच चुकायची. तिने भुवया उंचावल्या. आईने पुन्हा केली, सावकाश. बाबा. मेले.

मिरीने भिंतीवरून सरपटणारी पाल करून दाखवली. तशी?

आईने मान डोलावली. तशीच.

वरच्या वहिनींना खुणा कळत नव्हत्या, पण तेवढं त्यांनाही कळलं. मिरी हलली नाही. तिने कात्री केली, आठ्या घातल्या. रागावले? आईने इतक्या जोराने मान हलवून नाही म्हटलं की तिचे केस सुटले. नाही. कधीच नाही.

मिरीचा चेहरा जरा सैल झाला. आईला वाटलं, आता ही रडेल आणि आपण तिला पोटाशी घेऊ. मिरी रडली नाही. तिने आईकडे बोट केलं आणि कपाळाला हात टेकवला.

"तुला माहीत होतं?" बाईंनी दारातून सांगितलं.

आईने हो म्हटलं.

मग बोट आत्याकडे. आत्याने मान खाली घातली. मग वरच्या वहिनी. मग बाई. मग मिरीने लांब, गाडीने जायची मावशी विचारली, शाळा विचारली. आई प्रत्येकाला हो म्हणत गेली. खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. शेवटी मिरीने हाताने सगळ्या खोलीभर एक वळसा घेतला, आणि तेच बोट आपल्या छातीवर आणून ठेवलं.

"सगळ्यांना," बाई पुटपुटल्या. "मला सोडून सगळ्यांना."

आई पुढे झाली तशी मिरी मागे सरली. मशीनला तिची पाठ लागली. तिने पुन्हा एकदा ती नवी खूण केली, का? आणि हात खाली घेऊन ती आईच्या हातांकडे टक लावून बघत राहिली. दोन वर्षांत ती पहिल्यांदाच तिकडे बघत होती.

"बाई," आई मान न वळवता म्हणाली, "'माझं चुकलं' कसं म्हणायचं ते दाखवा. लवकर दाखवा. ती बघतेय तोवर."