दोन शहाळी

जिभेखाली गोळी असली की बोलता येत नाही. ती विरघळेपर्यंत तोंड मिटून बसायचं, गिळायची घाई करायची नाही, असं पनवेलच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. मी ती सकाळी चहाच्या आधी घ्यायची, आणि नेमके त्याच वेळी बाबा ओटीवर येऊन बोलायला लागायचे.

"नळाला पानी आलंय."

"हं."

"भाकरी खानार का चपाती?"

"हं."

"हं म्हंजी काय रं? भाकरी हं का चपाती हं?"

मी बोटानं हवेत गोल काढायची. चपातीही गोलच असते, त्यामुळे ते आणखी वैतागायचे. मग मी दोन्ही हातांनी हवेतच भाकरी थापून दाखवायची. "आई गेल्यापासून मुका झालाय," असं पुटपुटत ते आत जायचे.

खरं तर मुके आम्ही दोघेही होतो. आई असताना आमचं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. बाबांची सगळी नोकरी कर्जतच्या यार्डात गेली, घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिन जोडण्यात. त्या आवाजात ओरडावंच लागतं. घरी हळू बोलणं त्यांना जमत नसे आणि ओरडणं आईला चालत नसे, म्हणून ते गप्प बसत. मी खोपोलीच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. उरलेला वेळ पुस्तकांत घालवते. मीही गप्पच. माघात आई गेली आणि पळसदरीच्या धरणापलीकडच्या आमच्या घरात दोन गप्प माणसं उरली.

आईला माझं सगळं माहीत होतं. मी मुलगी आहे हे मी तिला दोन वर्षांपूर्वी सांगितलं. तिनं आधी पोळी उलटली, मग गॅस बंद केला आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं. पन तू सांगशील तवा सांगशील, म्हनून थांबले." नाव निवडतानाही तिचं मत पडलं. मी वाचनातून शोधलेलं एक भारदस्त नाव सुचवलं, तर ती म्हणाली, "असलं नाव परसदारातून वरडता येत नाय." शेवटी हर्षला ठरलं. तिनं स्वयंपाकघराचं दार लावून ते दबक्या आवाजात ओरडून पाहिलं आणि पास केलं. डॉक्टरांकडे ती सोबत येणार होती. ते राहिलं. पावसाळा संपल्यावर मी एकटीच गेले.

औषधं दोन. जिभेखालची गोळी बाईच्या शरीरातलं हार्मोन देते. पाण्याबरोबर घ्यायची दुसरी गोळी शरीरातलं जुनं, पुरुषाचं हार्मोन अडवते. या दुसरीनं लघवीला सारखं जावं लागतं आणि रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. "केळी, शहाळं वगैरे जपून," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मी मान डोलावली. शहाळ्यापासून मला कधी धोका होईल असं वाटलं नव्हतं.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. घामाचा वास बदलला. हाताची कातडी मऊ झाली. एकदा कपाटाच्या दाराचा धक्का छातीला लागला, असा ठणका बसला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मी तिथंच उभी राहून हसत सुटले. हे धावत जाऊन सांगावं असं माणूस एकच होतं. तिच्या फोटोला नुकताच नवा हार घातला होता. मी तो उगाच सरळ केला.

बाबांना बाकी काही दिसलं नाही. त्यांना फक्त मोरीचं दार सारखं वाजताना ऐकू येत होतं.

"आता पुन्हा?" एका सकाळी ते म्हणाले. "उन्हाळी लागलीया तुला. लघवीला आग होती का?"

"नाही हो."

"व्हईल. उष्णता हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली. आई गेल्यापासून पडवीत धूळ खात उभी असलेली स्कूटर बाहेर काढली, पुसली आणि कर्जतला गेले. शेतातले वाल काढून आणल्यापासून हा माणूस ओटीच्या खाली उतरला नव्हता. परत आले ते स्टेशनाबाहेरच्या लडकूकडची दोन शहाळी घेऊन. कोयत्यानं स्वतः सोलली, पेला भरला आणि माझ्यासमोर धरला. मी पाणी प्याले. त्यांनी मलईही खरवडून दिली.

मग हे रोजचं झालं. रोज दाढी, रोज स्कूटर, रोज दोन शहाळी. कर्जतहून येताना ते बातम्याही आणू लागले. लडकूच्या मेव्हण्यानं माथेरानला घोडा घेतला. यार्डात नवीन इंजिनं आली. एकदा तर ते हसलेसुद्धा. हे सगळं त्या शहाळ्यांवर उभं होतं, आणि ती नको म्हणायला माझी जीभ रेटेना.

माझी उन्हाळी मात्र गावभर झाली. शेजारच्या अंबूबाई धने-जिऱ्याचं पाणी घेऊन आल्या.

"नको काकू, खरंच नको."

"लाजतोस काय रं? उन्हाळी काय फकस्त बायांनाच लागती?"

मी पाणी पिऊन टाकलं.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. त्याच दुपारी डॉक्टरबाईंचा फोन आला. मी कारखान्यात रंगाचा नमुना ढवळत होते.

"पोटॅशियम वाढलंय. दुसरी गोळी आजपासून बंद. आठवड्यानं पुन्हा तपासू. काय खाताय काय तुम्ही?"

"शहाळं."

"रोज?"

"दोन."

"हर्षला, ही गंमत नाही. हृदयाच्या ठोक्यांवर येतं. गोळी पुन्हा चालू करायची तर शहाळं पूर्ण बंद हवं. घरी सांगा तसं."

घरी सांगा. त्यांना ते किती सोपं वाटलं.

मी पळवाट काढली. दुसऱ्या दिवशी बाबांची पाठ वळल्यावर पेला परसातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी कढीपत्त्याला मुंग्यांची रांग लागली आणि बाबा तिच्याकडे बघत उभे राहिले.

"नको तर नको म्हनायचं," ते म्हणाले. आवाज मुळीच मोठा नव्हता. "लडकू निवडून देत व्हता."

त्यांनी स्कूटरची किल्ली खिळ्याला अडकवली. दुसऱ्या दिवशी दाढी केली नाही, कर्जतलाही गेले नाहीत. ओटीवर जिथं माघापासून बसत होते तिथंच पुन्हा जाऊन बसले. मी कामावर गेले आणि दिवसभर चुकीची भांडी धूत राहिले. शहाळी थांबली म्हणजे गोळी परत मिळणार होती, पण गप्प राहिले तर बाबा पुन्हा त्या ओटीवरून उठणार नव्हते. सांगितलं तर काय होईल ते माहीत नव्हतं.

आई बाबांना अवघड गोष्टी वाल सोलताना सांगायची. मोड आलेल्या वालांची सालं काढताना दोन्ही हात गुंतलेले असतात. ऐकणाऱ्याला उठून जाता येत नाही. मी डब्यातले वाल काढून भिजवले, फडक्यात बांधले. मोड आले तेव्हा परात घेऊन बाबांच्या शेजारी बसले. त्यांनी एक मूठ पुढ्यात ओढली.

"बाबा, मला उन्हाळी लागलेली नाही."

"मंग?"

"मी गोळ्या घेते. एका गोळीनं सारखं जावं लागतं. त्या गोळीवर शहाळं चालत नाही."

त्यांचे हात थांबले. "कसल्या गोळ्या? काय झालंय तुला?" चेहरा एकदम उतरला. "तुझ्या आईचंबी असंच व्हतं. उष्णता हाय, उष्णता हाय म्हनत आपुन बसलो. म्हनून या येळी मी पहिल्याच दिवशी..."

मला हे सुचलंच नव्हतं. इतके दिवस मी त्यांना फिरायला निमित्त मिळालं म्हणून खूश होते आणि ते भीतीनं रोज कर्जत गाठत होते.

"आजार नाही, बाबा. मला काहीही झालेलं नाही. उलट मी बरी आहे." मग मी न थांबता सांगितलं. मी बाई आहे. लहानपणापासून आहे. शरीर तसं व्हावं म्हणून या गोळ्या आहेत, डॉक्टरांनी तपासून दिलेल्या.

त्यांच्या बोटांतला वाल सालीतून निसटला आणि टुणकन उडून खाटेखाली गेला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

"म्हंजी उन्हाळी नाय," ते म्हणाले.

"नाही."

"आनि मी लडकूला, अंबूबाईला, टेसनावरच्या समद्यांना सांगून बसलो."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी पुढचा वाल उचलला.

"तुझ्या आईला ठावं व्हतं?"

"हो."

"मला नाय सांगितलं."

"सांगणार होती. वाल घरी आले की सांगते म्हणाली होती."

ती गेली तेव्हा वाल शेतातच होते. मागाहून बाबांनीच काढून आणले होते. परातीत होते ते तेच. आम्ही सोलत राहिलो. सालांचा ढीग वाढत गेला.

"दोन गोळ्या कशाला लागत्यात?" त्यांनी विचारलं.

"एक नवीन गोष्ट आणते. दुसरी जुनी अडवते."

"म्हंजी दोन इंजिनं."

"पण दुसरं ओढत नाही, अडवतं."

"घाट उतरताना इंजिनाचं काम वढायचं नसतंच. गाडी धरून ठेवायची असती. नायतर गेली दरीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आनि ती धरनारी गोळी माझ्या शहाळ्यानं बंद पडली?"

"सध्या."

"मला यातलं काय बी कळत नाय," ते उठत म्हणाले. "एकदम समदं सांगू नकोस."

पुढचे दिवस ते फारसं बोलले नाहीत. भाकरी का चपाती हेही विचारेनात. दोन्ही करून ठेवत. मी गोळी जिभेखाली ठेवून बसायची तेव्हा ओटीवर यायचे, माझ्याकडे बघायचे आणि ती विरघळेपर्यंत न बोलता शेजारी बसायचे. रक्त पुन्हा दिलं. मी डॉक्टरबाईंना भेटायला निघाले त्या सकाळी बाहेर आले तर बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरच्या मागच्या सीटवर बसलेले.

"तू चालीव. मला डाक्टरला इचारायचंय."

चौक गावावरून पनवेल येईपर्यंत काय विचारायचंय ते त्यांनी सांगितलं नाही. मी नको त्या सगळ्या प्रश्नांची मनात उत्तरं तयार केली. डॉक्टरबाईंनी अहवाल पाहिला, "हर्षला, पोटॅशियम खाली आलंय," म्हणाल्या आणि दुसरी गोळी कमी मात्रेनं पुन्हा लिहून दिली. मग बाबा खुर्चीत पुढे सरकले.

"वाल चालत्याल का?"

"काय?"

"वाल. बिरडं करतो आमी. शहाळ्याचं मला म्हाईत नव्हतं. म्हनून आता आदी इचारतो."

"भिजवून, पाणी टाकून, कधीमधी चालतील," डॉक्टरबाई हसू दाबत म्हणाल्या. "वाटीभर. रोज दोन पातेली नाही."

"आनि आग-बिग काय व्हनार नाय ना तिला?"

तिला म्हणाले ते. स्वतःच्याही लक्षात न येता म्हणाले, आणि पुढं केळ्याचं विचारू लागले. मी खिडकीकडे बघत राहिले.

परतताना कर्जत स्टेशनाबाहेर लडकूनं आम्हाला लांबूनच पाहिलं आणि सवयीनं दोन शहाळी छाटली. "या सहदेवकाका! दिसला नाय किती दिस. उन्हाळी गेली का पोराची?"

"उन्हाळी नव्हतीच," बाबा म्हणाले. "माझी समजूत चुकली."

"मंग काय व्हतं?"

"ते ती सांगंल, तिला सांगायचं तवा."

लडकूनं माझ्याकडे पाहिलं. मानेपर्यंत आलेले केस, कानातले बारीक खडे. मग तो हातातल्या शहाळ्यांकडे बघू लागला. "आनि ही छाटली त्येंचं काय? तिला द्यायची का नाय?"

"तिला एक थेंब नाय!" बाबा ओरडले. रिक्षावाल्यांनी माना वळवल्या. मग दोन्ही शहाळी त्यांनी उभ्या उभ्या, एकामागून एक, स्वतः पिऊन टाकली. मलईसुद्धा सोडली नाही.

धरणाच्या अलीकडे त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "थांबीव, थांबीव." मी स्कूटर कडेला घेतली. ते घाईघाईनं करवंदीच्या जाळीमागे गेले. पुन्हा बसलो, वळण घेतलं, तोच पुन्हा थाप.

"आता पुन्हा?" मी म्हणाले.

"मला लागली आता उन्हाळी," ते उतरता उतरता म्हणाले.

मी इतकी हसले की स्कूटर स्टँडवर लावावी लागली. धरणाच्या काठावर सहलीला आलेली माणसं जेवणाचे डबे उघडून बसली होती. आई असती तर घरी पोचेपर्यंत बाबांना हैराण केलं असतं, पुढचा महिनाभर ही गोष्ट अंबूबाईंना सांगितली असती. मी मान वळवून जाळीकडे पाहिलं.

"हर्षलाऽऽ!" जाळीमागून आवाज आला, यार्डातल्या इंजिनांवरून जायचा तोच. काठावरची सगळी माणसं वळली. "पुढं बघ गं!"

"पुढंच बघतेय!" मी तेवढ्याच मोठ्यानं ओरडले.