डागी माल

विक्रेत्याने काउंटरवर ठेवलेला चष्मा कारखान्याचं स्टोअर सांभाळणाऱ्या ताईने उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि नाक मुरडलं. काच फिकट हिरवी, आरपार सगळं दिसत होतं.

"हा लेझरला? यापेक्षा रस्त्यावरचा गॉगल बरा."

"मॅडम, दिसतं तसं नसतं. रंगावर जाऊ नका, दांडीवरचे आकडे बघा. मशीनच्या पाटीवरचा आकडा त्यात बसला पाहिजे. नाहीतर काच कितीही काळी असो, किरण आरपार जातो."

ताई हसली. तिला गंडवणारा अजून जन्मायचा होता. तीन महिन्यांपूर्वी नवं लेझर कटिंग मशीन आलं, तेव्हा दहा दुकानं पालथी घालून तिने सगळ्यात गडद चष्मे आणले होते. मशीनवर तिचा धाकटा भाऊ होता, तिनेच शब्द टाकून लावलेला. झाकण उघडं ठेवून किरण जुळवायचं काम त्याच्याकडेच असे. त्याच्यासाठी तिने जरा जास्तच पायपीट केली होती.

तिने खणातून त्यातला एक चष्मा काढला. दांडीवर बारीक आकडा होता. मशीनच्या पाटीवरचा तिच्या वहीत होता. दोन्ही तिने बोट ठेवून वाचले, मग पुन्हा वाचले. ते जुळत नव्हते.

"पण चष्मा चुकला तर कळतं ना? डोळा दुखतो, पाणी येतं?"

"तिथेच तर घात होतो, मॅडम. हा किरण दिसत नाही, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं ठाऊक नाही."

दार ढकलून भाऊ आत आला. हल्ली तो मान तिरकी करून बघायचा. कुणाला चोरून बघतोस रे, म्हणून ताईसुद्धा त्याला चिडवायची.

"आले वाटतं नवे!"

त्याने चष्मा डोळ्यांसमोर धरला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा धरला.

"ताई, याच्या मधोमध डाग आहे. दुसरा दे."

तिने दुसरा खोका उघडला. काच लख्ख होती. स्वतःच्या डोळ्यांसमोर धरून तिने ती नीट पाहिली आणि मगच त्याच्या हातात दिली.

त्याने मान तिरकी केली, सरळ केली. काच पुसली.

"हाही तसलाच. सगळा मालच डागी आहे, ताई. परत कर."

बिल लिहिता लिहिता विक्रेत्याचा हात थांबला. ताईने तिसरा खोका उचलला. तो उघडणं काही तिच्याने होईना.