दोन भावांच्या बांधावरची जंबुरी

मी चौलच्या वाडीतली मोसंबी बोलतेय. गावात कुणालाही विचारलंत तर माझी ओळख अशीच सांगतील. खरं म्हणजे मोसंबी फक्त कमरेच्या वर आहे. खाली मी जंबुरी. जाड सालीचं, खडबडीत, आंबटढाण लिंबू असतं ना, त्या जातीची.

सन एकोणीसशे बावीसच्या सुमाराला हरेश्वरबाबांनी मला बी पेरून वाढवलं. मी बोटाएवढी जाड झाले, तेव्हा ते पुण्याकडून मोसंबीची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले. माझ्या सालीला चीर पाडून त्यांनी तिचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, आत बसवला आणि केळीच्या सोपटाने बांधला. डोळ्यातून कोंब फुटला. घरात सगळ्यांना आनंद झाला, आणि त्या आनंदात बाबांनी माझा शेंडा छाटून टाकला. तेव्हापासून मुळं माझी, पाणी ओढायचं मी, आणि नाव मोसंबीचं.

बाबा गेले. दयाराम आणि गुणाजी या त्यांच्या दोन मुलांनी वाडी वाटून घ्यायचं ठरवलं. हद्द आखायला सुंभ ताणलं, तर ते नेमकं माझ्या बुंध्यावर आलं. थोरला मागे हटेना, धाकटा हटेना. शेवटी नारळाच्या झापांचं कुंपण माझ्यापर्यंत येऊन थांबलं आणि माझ्या पलीकडून पुन्हा सुरू झालं. वरची मोसंबी मात्र गुणाजीच्या बाजूला झुकलेली होती.

दयारामचा माझ्यावर फार जीव. आपल्या बाजूने आळं खणून त्याने सुक्या मासळीचं खत घातलं. खणताना कुदळ माझ्या बुंध्याला लागली आणि त्या जखमेतून, बाबांनी बांधलेल्या गाठीच्या खालून, एक कोंब फुटला. तो सरळ, दणकट आणि काटेरी होता. अहो, तो माझा होता! इतक्या वर्षांनी माझं स्वतःचं काहीतरी उगवलं होतं. मी त्याला हात आखडता न घेता रस पाजला.

"माझ्या बाजूनं कसा जोर धरलाय बघा," दयाराम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

त्या फांदीला पहिली फळं आली तेव्हा त्याने आळीतल्या माणसांना बोलावलं. स्वतः सोलून एकेकाच्या हातावर फोडी ठेवल्या. पाहुणे भिडस्त. कुणी आभाळाकडे बघितलं, कुणी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. नामा सुताराचा एकुलता एक दात सणकला, तरी तो म्हणाला, "येगळीच चव हाय." मग दयारामने स्वतः एक फोड तोंडात टाकली. कशीबशी गिळून त्याने तोंड पुसलं.

त्याच वेळी कुंपणापलीकडे गुणाजी मोसंबी सोलत होता. त्याच्या बोटांवरून गोड रस ओघळत होता.

"सगळी गोडी तू तुझ्याकडं ओढून घेतोस," दयाराम म्हणाला.

"दादा, झाड म्हंजे काय राहाट हाय? वढायला?"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

त्यांच्या बायका मात्र बोलत होत्या. गुणाजीच्या केसरला दिवस गेले होते आणि तिला आंबटाशिवाय काही सुचत नव्हतं. दयारामची ठमाबाई माझ्या बुंध्याजवळच्या फटीतून तिला जंबुऱ्या द्यायची, केसर बदल्यात मोसंब्या सरकवायची.

"कुठली ही?" दयाराम खाता खाता विचारायचा.

"रेवदंड्याच्या बाजारातली."

"बघ. गुणाजीच्या झाडाला जल्मात ही चव यायची न्हाय."

इकडे माझी पंचाईत झाली होती. माझा कोंब आता मोठी फांदी झाला होता आणि सगळा रस पीत होता. मोसंबीच्या फांद्या वाळू लागल्या, पानं पिवळी पडली. मला कळत होतं, पण आपल्या लेकराला उपाशी ठेवायचं कुणाला जमतं? गुणाजीला वाटलं, दादाने मुळाशी खारं पाणी ओतलं. दयारामला वाटलं, हे झाड घरात भांडणच लावायला जन्मलंय. एका सकाळी दोघे आपापल्या बाजूने कुऱ्हाड घेऊन आले. वाटण्या झाल्यापासून त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

ठमाबाई मध्ये उभी राहिली. "तोडायच्या आधी वाकून बघा. मामंजींनी बांधलेली गाठ कुठं हाय, आन् तुमची फांदी कुठून निघालीय."

दयाराम गुडघ्यावर बसला. गाठीवरून त्याने हळूच बोट फिरवलं. ते बोट खाली आलं आणि फांदीच्या बेचक्यात अडकलं.

"बाबांचा डोळा वरती ऱ्हायला," तो म्हणाला. "मी रानटी वाढवली."

"आन् बाजारातली मोसंबी," केसर पलीकडून म्हणाली, "ती आमचीच होती, भावोजी."

दयारामने बायकोकडे बघितलं. ठमाबाईने पदर नीट केला. गुणाजीला हसू आलं, पण थोरल्याच्या तोंडाकडे बघून त्याने ते गिळलं.

दयारामने घरातून करवत आणली आणि आपली फांदी आपणच कापायला घेतली. फांदी कलली तेव्हा गुणाजी कुंपण ओलांडून आला आणि त्याने खांदा दिला.

"दादा, सरक. डोक्यात पडंल."

मला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. दयारामने त्या जखमेवर शेणमातीचा लेप मात्र स्वतःच्या हाताने लावला, दोनदा.

पुढे मोकळ्या झालेल्या बाजूला ऊन येऊ लागलं आणि मोसंबी तिकडेच झुकली. आज निम्मी फळं दयारामच्या अंगणावर लोंबतात. गुणाजी म्हणतो, "तुझ्याकडं आलीत, तूच काढ." दयाराम काढतो आणि मोठी मोठी त्याच्याकडे पाठवतो. कुंपणाचे झाप सडले, ते कुणी बदलले नाहीत.

आता मी पोक्त झाले आहे. बुंध्यातून डिंक येतो, पावसाळ्यात मुळं दुखतात. तरी परवा, मातीलगत, मला पुन्हा एक बारीक हिरवा कोंब फुटला. ठमाबाई कोयता घेऊन आली होती. तिने तो बघितला. इकडेतिकडे बघून तिने त्याचा शेंडा नखाने खुडला आणि म्हणाली, "कालवणात पिळण्यापुरताच ऱ्हा." मग त्याच्यावर नारळाचं सोलून काढलेलं सोडण पालथं घातलं.

वाडीत कधी आलात तर मोसंब्या पोटभर खा. पण ते सोडण तेवढं उचलू नका. आणि दयारामने विचारलंच, तर तुम्ही काही बघितलं नाही.