अर्धा फेरा

खाडीच्या या तीरावरून त्या तीरावर माणसं नेणारी बोट सूनबाई चालवायची आणि त्या बोटीवरचे स्क्रू तिचे सासरे आवळायचे. तिची चाळिशी उलटली होती, पण सासरे धक्क्यावरून रोज 'सूनबाई' अशी खणखणीत हाक मारायचे, त्यामुळे उतारूंच्याही तोंडी तेच बसलं होतं.

सासरे घड्याळजी. दुकान बंद केल्यावर घरात त्यांचा वेळ जाईना आणि घरातल्यांना जीव नकोसा झाला. कपाटाची बिजागरी, खिडकीच्या कड्या, मुलाच्या चष्म्याची दांडी, काही म्हणून त्यांच्या तावडीतून सुटेना. शेवटी सूनच म्हणाली, "बाबा, बोटीवर चला. तिथं काय हवं ते पिळा."

तिथं त्यांना रान मोकळं मिळालं. सुकाणूच्या चाकासमोरच्या फळीवर पाण्याची खोली दाखवणारा पडदा होता, शेजारी वायरलेस, छतावर अँटेना. इंजिनाच्या थरथरीनं स्क्रू आठवड्याभरात सैल पडतात आणि खाऱ्या हवेनं तारांच्या टोकांवर हिरवट थर चढतो, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात हेरलं. मग दर रविवारी सकाळी ते ही यंत्रं धरून ठेवणारं प्रत्येक ब्रॅकेट हलवून बघायचे, तारांची टोकं ब्रशनं घासून त्यांवर ग्रीसचं बोट फिरवायचे आणि प्रत्येक स्क्रूला बजावायचे, "अजून अर्धा फेरा." उतारूंनी त्यांचं नावच 'अर्धा फेरा' ठेवलं.

एका बुधवारी दुपारी अचानक वारा सुटला. बोट मधल्या उथळ पट्ट्यापाशी आली आणि एका लाटेसरशी तो पडदा ब्रॅकेटसकट फळीवरून निखळला. तारेला लोंबकळत इकडून तिकडं आपटायला लागला. सुनेचे दोन्ही हात चाकात अडकलेले. पुढच्या बाकावर दवाखान्यातली नर्स बसली होती, तिनं झडप घालून पडदा कवटाळला.

"ताई, आकडा वाचा! मोठ्यानं!"

"दोन पॉइंट चार... दोन... अहो, एक पॉइंट सात!"

"कमी व्हायला लागला की ओरडा!"

"मघापासून ओरडतेच आहे मी!"

पडदा तान्ह्या बाळासारखा मांडीवर धरून नर्स आकडे पुकारत राहिली आणि सून बोट डावीकडं, उजवीकडं काढत राहिली. पलीकडं पोचल्यावर नर्स म्हणाली, "आयुष्यभर माणसांची नाडी मोजली, आज खाडीची मोजली बाई!" सगळे हसले. सून हसली नाही.

उतारू गेल्यावर तिनं फळी नीट पाहिली. चारांपैकी दोन स्क्रू आधीच गळून पडले होते. उरलेले दोन ब्रॅकेटबरोबर उपटून आले होते आणि त्यांच्या भोकांभोवती लाकडावर ओरखडेच ओरखडे होते. म्हणजे बाबांचा स्क्रूड्रायव्हर खाचेत बसतच नव्हता, बाजूच्या बाजूला घसरत होता. बाबांना दिसत नव्हतं. चष्मा सापडत नाही म्हणून ते हल्ली मुलाकडून पेपर वाचून घ्यायचे, त्याचाही अर्थ तिला तेव्हा लागला.

घरी ती काही बोलली नाही. पडदा नव्या स्क्रूंवर पक्का बसवला आणि दर शनिवारी बोट लावली की सगळं स्वतः आवळून ठेवायला लागली. रविवारी बाबांना सगळं घट्टच मिळायचं. तीन रविवार हे बिनबोभाट चाललं. चौथ्या रविवारी बाबांनी ब्रॅकेटला हात लावला आणि ते थांबले.

"हे कुणी आवळलं?"

"तुम्हीच की, गेल्या रविवारी."

"मी असा राक्षसासारखा जोर लावत नाही. वॉशर लाकडात रुतलाय. फळी चिरेल अशानं."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "कधी कळलं तुला?"

"एका बुधवारी. पडदा निखळला."

"माणसं होती?"

"अकरा."

ते बाकावर बसले. "घड्याळजीला स्क्रू दिसत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू? शिवाय सांगितलं असतं तर तू मला बोटीवर आणलं नसतंस."

"मला विचारलंत का?" सून खरंच रागावली होती. मग त्यांच्या शेजारी बसली. "बाबा, माझा हात तुम्ही नुसत्या बोटांनी ओळखलात. तुम्ही चाचपून सांगा, मी फिरवते. पण उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जायचं."

"त्यांनी बोटीवर जाऊ नको म्हटलं तर?"

"तर त्यांनाच बोटीत घालून खाडीत फिरवून आणते."

मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होईपर्यंत बाबा घरीच होते आणि सुनेला सुखानं जेवता येत नव्हतं. घासागणिक प्रश्न. अँटेनाचा नट हलवून पाहिलास? वायरलेसची तार सोडवून पुसलीस की वरवर? ती सगळं खरं सांगायची. एकदा 'विसरले' म्हणाली, तर त्यांनी तिला जेवणावरून उठवायचंच बाकी ठेवलं.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच दिवशी ते बोटीवर आले आणि चाकाजवळ उभे राहून टक लावून पडद्याकडं बघायला लागले.

"हे ठिपके कसले गं?"

"मासे, बाबा. आपल्या खालून चाललेत."

"मासे?" त्यांनी सुनेकडं पाहिलं. "मला वाटायचं, काच मळलीये. दोन वर्षं पुसतोय मी त्यांना!"

सुनेला हसू आवरेना. बाबांनी स्टूल ओढलं, पडद्याला नाक लावून बसले आणि पलीकडचा तीर येईपर्यंत, "हा गेला... हा बघा दुसरा आला," असं अख्ख्या बोटीला सांगत राहिले.