तुळशीला बांधलेली दोरी

१९५६ सालचा जानेवारी. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरगाव पेटलेलं, गोळीबार चालू, आणि मला नववा महिना. "वेळेला टॅक्सी मिळायची नाही," म्हणून यांनी आपली जुनी, दोन सीटांची विलायती स्पोर्ट्स कार दुरुस्तीला घेतली. माझ्या त्या सवतीवर यांचा भारी जीव! तिची पुढची चाकं फाकली होती आणि हरताळामुळे गॅरेजं बंद. मग खोताच्या वाडीतल्या आमच्या अंगणातच यांनी तिच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणल्या. दोरीपासून चाकाचं अंतर पट्टीने मोजायचं आणि चाक सरळ करायचं. डाव्या दोरीचं टोक बांधलं तुळशीच्या कुंडीला.

हे चहाला आत आले, तेवढ्यात सासूबाईंना ग्रीसचे डाग दिसले. तुळशीपाशी असला ओंगळपणा नको, म्हणून त्यांनी कुंडी दोरीसकट अल्लाद बाजूला सरकवली. यांनी मग त्या तिरक्या दोरीवरून चाकं बसवली आणि वर ऐट मारली, "आता बघ, नाकासमोर जाईल." कुंडीचं आम्हाला नंतर कळलं.

दिवेलागणीला कळा सुरू झाल्या. कर्फ्यू लागलेला. रस्ता ओस, जिकडेतिकडे फुटक्या काचा, आणि गाडी सारखी डावीकडे ओढत होती. हे स्टिअरिंग आवळून बसले होते, मी पोट. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती. माझं मूल जगाचं तोंड न बघताच जाणार, एवढंच डोक्यात.

वळणावर डाव्या फुटपाथला पोलीस उभे होते. एक जण ओरडला, "थांबा! हात वर!"

आमचे हे कचेरीतले, सांगितलं की लगेच करणारे. ब्रेक मारायच्या आधीच यांनी दोन्ही हात वर केले.

गाडी थेट पोलिसांच्या अंगावर निघाली. बंदुका उचलल्या गेल्या.

"अहो, स्टिअरिंग!" मी किंचाळले. पण हात खाली घेतले तर गोळी घालतील, या धास्तीने हे ढिम्म. मी आडवी झाले, स्टिअरिंग धरलं आणि होतं नव्हतं ते बळ लावून उजवीकडे फिरवलं. "ब्रेक दाबा!" गाडी फुटपाथला घासून थांबली.

एक पोरसवदा शिपाई माझ्यावर बंदूक रोखून उभा होता. तोही भ्यालेला होता. मग त्याची नजर माझ्या पोटावर गेली.

"अगो बाय! अशा वेळेक खंय चल्लंस?"

"बाळंतपणाला," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

त्याने बंदूक खाली केली, बाकीच्यांना मागे सारलं. हे अजून हात वर करूनच बसलेले.

"अहो, आता तरी घ्या हात खाली!" मी खेकसले.

उरलेली वाट मी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. सूतिकागृहाच्या दारात नर्स उतरा म्हणाली, तरी बोटं सुटेनात. शेवटी यांनीच ती एकेक करून सोडवली.

मुलगी झाली. तिने यांचं बोट मुठीत धरलं, तेव्हा हे हळूच म्हणाले, "आईवर गेलीय. सोडत नाही."