उसन्या पोटाचा पतंग

मी एक जुना पतंग आहे, मित्रांनो. दोरीवर उडणारा नव्हे, तर फुलासमोर हवेत थबकून लांब सोंडेने मध पिणारा. आम्हाला हॉकमॉथ म्हणतात. संग्रहालयाच्या कपाटात मी कित्येक वर्षे टाचणीवर आहे. पंख माझे, डोके माझे, पण पोट दुसऱ्याचे होते. हे सांगताना मान खाली घालावीशी वाटते, पण टाचणी घालू देत नाही.

आमची जात ओळखतात ती पंखांवरच्या रेषा आणि पोटावरचे पट्टे पाहून. माझ्यासारखे पंख असलेल्यांचे पोट साधे राखाडी असते. माझ्या पोटावर मात्र गुलाबी पट्टे होते. संशोधक बाईंनी भिंगातून मला निरखले, पुस्तके पालथी घातली आणि म्हणाल्या, "ही नवी जात आहे. हिला काकांचं नाव द्यायचं."

काका म्हणजे आमची कपाटे सांभाळणारे. त्यांनी आयुष्यभर आम्हाला कसर लागू दिली नाही. लेख छापून आला. काकू शेजारणींना घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हा बघा, यांच्या नावाचा." सगळ्या कौतुकाने पाहत होत्या आणि मी शरमेने अर्धा झालो होतो. काका तर त्या दिवशी जेवलेही नाहीत.

पुढे छायाचित्रासाठी माझे वाळलेले पंख मऊ करून सरळ करायचे होते, म्हणून बाईंनी मला ओलसर डब्यात ठेवले. ओलाव्याने डिंक सुटला आणि पोट गळून पडले.

"काका, हा डिंक कुणी लावला?"

"मीच," काका पुटपुटले. "याचं पोट निखळलं होतं. पेटीत एक सुटं दिसलं, ते याचंच समजून चिकटवलं. मागाहून शंका आली, पण तोवर तुम्ही माझं नाव जाहीर केलं होतं. जीभच रेटेना बघा."

बाईंचा चेहरा उतरला. नव्या जातीच्या आनंदात त्यांनीही सांधा तपासला नव्हता.

"लेख मागे घ्यावा लागेल," त्या म्हणाल्या. "नमुन्यात चूक झाली, एवढंच लिहिते. कुणाची ते नको."

"लिहा, बाई. मान देताना माझं नाव घातलंत, आता चुकीलाही माझंच घाला. घरी मी सांगतो."

आता मी बिनपोटाचा आहे आणि माझ्या जुन्याच जातीत परतलो आहे. मित्रांनो, मोडलेली वस्तू जरूर जोडा, पण जोड कुठे आहे ते पाहणाऱ्याला सांगा. मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.